दगडालाही कळवायला हवं

शालिनीवहिनींचा फोन आला की मी आधी "आज कुठे पडला?" असंच विचारायचो. सगुण, म्हणजे त्यांचा नवरा आणि माझा बँकेतला जुना सोबती, डोंगरात, नदीत नाहीतर खाणीच्या कडेला कुठेतरी घसरल्याशिवाय त्या मला सकाळच्या वेळी फोन करत नसत. त्या दिवशीही मी चहाचा कप हातात धरून तेच विचारलं. वहिनी म्हणाल्या, "पडले नाहीत हो भाऊजी. झोपले ते उठलेच नाहीत." कप मी कुठे ठेवला ते आठवत नाही. त्यांच्या घरी पोहोचलो तेव्हा पायात दोन वेगवेगळ्या चपला आहेत हे दुसऱ्याच कुणीतरी दाखवलं. एरवी असली फजिती सगुणची व्हायची.

सगुण शिकला कॉमर्स. डिचोलीच्या शाखेत आम्ही दोघं समोरासमोरच्या टेबलांवर बसून केस पिकवले. बँकेच्या कुठल्याशा कामासाठी तो एकदा खाणीवर गेला, तिथे कापलेल्या डोंगराच्या पोटातले तांबडे-काळे पट्टे बघून आला आणि तेव्हापासून जो बिघडला तो बिघडलाच. जुनी पुस्तकं मिळवली, कॅमेरा घेतला, कॉलेजातल्या प्राध्यापकांना गाठून गाठून बेजार केलं. मला दगडातलं ओ की ठो कळत नाही. माझ्याकडे स्कूटर होती, एवढीच माझी पात्रता. त्याचा एक नियम मात्र मला फार आवडायचा. दगड फोडायचा नाही, उचलून घरी आणायचा नाही, फक्त फोटो काढायचा. "त्याला त्याच्या जागेवर बघ की. तुला उचलून कुणी शोकेसमध्ये ठेवलं तर चालेल?" असं म्हणायचा. त्यामुळे त्याच्या घरात दगड एकही नाही, पण भिंतीवर दगडांचे फोटो इतके, की लग्नाचा फोटो बिचारा फ्रीजच्या वर जाऊन बसलाय.

फोटो काढताना त्याला जगाचं भान नसायचं. पेडण्याला केरीच्या खडकांवर काळ्या दगडाची एक लांब शीर दुसऱ्या दगडाला चिरून गेली आहे म्हणून तो पालथा पडून टिपत बसला आणि भरती कधी चढली ते त्याला कळलंच नाही. कॅमेरा तेवढा डोक्यावर धरून आला. चपला, पिशवी, दुपारचं जेवण सगळं दर्याला अर्पण. मी किनाऱ्यावरून बोंबलत होतो, तर म्हणे लाटांच्या आवाजात ऐकू आलं नाही. आमोण्याला ओहोटीच्या वेळी मांडवीच्या चिखलात गुडघ्यापर्यंत रुतला, तेव्हा शेतातल्या लोकांनी दोर टाकून त्याला म्हशीसारखा ओढून काढला. सुर्ल्याला खाणीच्या रखवालदाराने वर्तमानपत्राचा माणूस समजून धरून ऑफिसात नेलं. तिथे हा घाबरण्याऐवजी त्यांच्याच खनिजाचा जन्म कसा झाला ते सांगायला बसला. शेवटी साहेबाने लिंबूसोडा पाजला आणि हात जोडून वाटेला लावलं. परत येताना मी त्याला खूप बोललो. तो मागच्या सीटवरून एवढंच म्हणाला, की साहेबाला विषयात गोडी दिसली.

पण त्याचा जीव जडला तो लाटंबार्शाच्या दगडावर. गावाबाहेर काजूच्या बागेला लागून पायवाटेवर हा दगड, बसलेल्या गाईएवढा. लोखंडाचे आणि गारगोटीचे पातळ थर, काळा-तांबडा, काळा-तांबडा, आणि ते सगळे नेवरीच्या, म्हणजे करंजीच्या, कडेला मुरड घालावी तसे दुमडलेले. हा कधीकाळी समुद्राचा तळ होता, म्हणाला. दगडाच्या फोटोत मापासाठी काहीतरी ठेवावं लागतं, नाहीतर तो केवढा हे बघणाऱ्याला कळत नाही. सगुण एक पट्टी ठेवायचा. ती नेमकी त्या दिवशी घरी राहिली. मग त्याने पिशवीतून सकाळी पाववाल्या पोदेराकडून घेतलेला उंडा काढला, तो पाव दगडापुढे ठेवला, आणि नेहमीप्रमाणे आडवा पालथा पडून फोटो काढले. निघेपर्यंत उंड्याला मुंग्या लागल्या होत्या, तेव्हा तो तिथेच राहिला.

पुढच्या महिन्यात गेलो तर दगडापुढे जाडसा रोट, विडी, जास्वंदीचं फूल आणि बाटलीच्या बुडाशी थोडी उर्राक, काजूची दारू! आमच्याकडे गावाच्या वेशीवर राखणदार देव असतो, रात्री-अपरात्री गावाला सांभाळतो, त्याला असा मान देतात. बागेची मालकीण सत्यभामाबाय, सत्तरीची, ताठ कण्याची बाई, तिने त्या दिवशी लांबून पाहिलं होतं. शिकलेला माणूस लांबून येतो, दगडापुढे रोट ठेवतो, साष्टांग नमस्कार घालतो. आता यात तिने काय समजायचं? सगुणच्या अंगाचा तिळपापड झाला. लोकांनी दगडाला दगड म्हणून बघावं म्हणून हा जन्मभर घसा कोरडा करत होता, आणि देव करून बसला तोच. घरोघरी जाऊन त्याने समुद्र, थर, दाब सगळं समजावलं. लोकांनी मान डोलावली, चहा दिला, आणि रोट ठेवणं काही थांबवलं नाही. तेल-शेंदूर तेवढा दगडाच्या तोंडाला फासायचा नाही, थर झाकतात, एवढं त्याने सत्यभामाबायकडून कबूल करून घेतलं. मी मात्र हसून हसून बेजार. महिनाभर त्याला 'भटजी' म्हणत होतो.

मग त्या पायवाटेचा रस्ता करायचं ठरलं. दगड बरोबर मधे. जेसीबीवरचा माणूस सावंतवाडीकडचा; राखणदाराचा दगड म्हटल्यावर त्याने यंत्र बंद केलं आणि खाली उतरून बसला. कंत्राटदार वैतागला. कुणीतरी सांगितलं, हे सुरू केलं त्या बँकवाल्यांनाच विचारा, ते दगडातले जाणकार आहेत. निरोप आला तसे आम्ही गेलो. कंत्राटदार सगळ्यांसमोर म्हणाला, की साहेबांनी देव म्हटलं तर रस्ता वळवतो, दगड म्हटलं तर आत्ता फोडतो. म्हणजे सगुणने नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं. मी त्याच्या कानात सांगितलं, बाबा रे, आज तेवढं शास्त्र खिशात ठेव. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. त्या दगडावर त्याचा किती जीव होता ते मला ठाऊक होतं, आणि दगडाबद्दल खोटं बोलणं त्याला जमणार नाही हेही ठाऊक होतं.

"तो दगड आहे," सगुण म्हणाला. "उंडा मी मापासाठी ठेवला होता."

कंत्राटदाराने जेसीबीवाल्याला खूण केली. तेवढ्यात सत्यभामाबाय पुढे आली. चिडली नव्हती, आवाजही चढवला नाही.

"फातरच जाल्यार," ती म्हणाली, "तुमी दर म्हयन्याक कोणाक मेळूंक येतात, बाब?"

नुसता दगडच असेल तर दर महिन्याला कुणाला भेटायला येता, असं विचारत होती ती. सगुण तिथेच लाल मातीत बसला आणि त्याने चष्मा काढून डोळे पुसले. बायने कंत्राटदाराला आपली बाग दाखवली आणि रस्ता माझ्या बाजूने घ्या म्हणून सांगितलं. फळ धरणारी काजूची झाडं गेली तिची, एका शब्दाने कुरकुरली नाही. रस्ता आजही तिथे वळतो. नवखा ड्रायव्हर शिव्या घालतो, मला त्या ऐकायलाही बरं वाटतं. परतताना सगुण म्हणाला, "उल्हास, काय उत्तर द्यायचं होतं रे मी?" मी म्हटलं, मला स्कूटर चालवू दे.

गेल्या आठवड्यात सत्यभामाबायचा निरोप आला. वहिनींना घेऊन एकदा येऊन जा, त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. त्याला म्हणजे कुणाला, ते विचारावं लागलं नाही. वहिनी घुटमळत होत्या. यांना हे आवडलं नसतं हो, म्हणाल्या. मलाही तसंच वाटत होतं. तरी गेलो. काजूला मोहर होता. बायने डोकीवर पदर घेतला, दगडापुढे हात जोडून उभी राहिली आणि शेजारच्या घरातल्या माणसाला सांगावं तसं गाऱ्हाणं घालायला लागली.

"बा म्हाराजा, तुजो सगुणबाब गेलो. तुका सांगूंक आयल्यात. आता ताची वाट पळोव नाका. वायट दिसून घेव नाका. आमी आसात."

गाऱ्हाणं झालं की सोबतच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. वाट बघू नकोस, वाईट वाटून घेऊ नकोस, आम्ही आहोत, एवढं सांगून ती थांबली. वहिनींनी पुढे होऊन तळवा त्या काळ्या-तांबड्या थरांवर ठेवला, तापातल्या माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा. बाय माझ्याकडे बघत होती. मला रडू फुटलं होतं, लपवून उपयोग नव्हता. सगुण, काय रागवायचं ते रागव...

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो.