मोत्यासारखं अक्षर

घाटकोपरच्या आमच्या शाळेत ती दुसरीत आली, माझ्या वर्गात. दोन्ही कानांनी ऐकू येत नव्हतं. यंत्र होतं, पण सेल संपला की ते डब्याच्या पिशवीत. मोठ्या बाई मला म्हणाल्या, "सांभाळून घ्या." घेतलं. सांभाळून घेण्यात मी पटाईत!

पहिल्या बाकावर बसवलं. फळ्यावर मी लिहीन ते ती जसंच्या तसं वहीत उतरवायची. काना नाही चुकायची, मात्रा नाही. अक्षर तर मोत्यासारखं. मी तिची वही वर्गभर नाचवायचे. "बघा रे गधड्यांनो, धड कान असून तुमचे हे कोंबडीचे पाय!" पोरं हसायची, तीही हसायची. कशाला हसतायत ते तिला कळत नसणार.

विशेष मुलांसाठीच्या एक बाई महिन्यातून एकदा यायच्या. त्या म्हणाल्या, "हिला वाचलेलं कळतं का, बघायला हवं. वेगळं शिकवावं लागेल." माझं डोकंच फिरलं. पंचेचाळीस पोरं माझ्या गळ्यात, आणि ही मला शिकवणार? "आधी वही बघा तिची," मी तोडून टाकलं. परीक्षेला मीच तिला हुशार मुलीशेजारी बसवायचे. दया यायची ना! अशी ती चौथी पास झाली.

पाचवीच्या प्रवेशाला तिची आई मलाही घेऊन गेली. मूळची मालवणची, साधी बाई. नव्या शाळेतल्या मॅडमनी मुलीला कोरा कागद दिला, छत्रीचं चित्र दाखवलं आणि खुणेने सांगितलं, याचं नाव लिही. तिने पेन्सिलीला टोक काढलं. मग समोरच्या भिंतीकडे बघितलं, वळून मागच्या भिंतीकडे बघितलं. फळा शोधत होती ती. तीन वर्षं, अगं बाई, तीन वर्षं मी या पोरीकडून नुसती अक्षरांची चित्रं काढून घेतली. लाज वाटली मला माझी. अजून वाटते.

फळा कुठेच नाही म्हटल्यावर तिने पेन्सिल माझ्यापुढे धरली. मॅडम बघत होत्या. मी कागदावर 'छत्री' लिहिलं. तिने खाली तस्संच उतरवलं आणि शाबासकीसाठी माझ्याकडे पाहिलं.

आईचे डोळे भरून आले होते. "बगा मॅडम, अक्षर बगा," ती म्हणाली. "ह्या बाईंमुळे माजा चेडू शिकला."