विमानघराबाहेरच्या चपला

अण्णा हवाई दलात फिटर होते. चौदा वर्षं ते निरनिराळ्या तळांवर विमानांच्या पोटाखाली आडवे पडून काम करत राहिले आणि आई पेडगावला सासूसासरे, ज्वारी आणि आम्हा भावंडांत अडकून राहिली. आजोबांनी तिला एकदाही सोबत पाठवलं नाही. पुढे अण्णा नोकरी संपवून घरी आले, आजीआजोबा गेले, आणि आईनं उभ्या जन्मातला पहिला हट्ट केला.

"ज्याच्यापायी तुमी घरी न्हवते, ते विमान मला एकडाव जवळून बघायचंय."

"दाखवतो की," अण्णा म्हणाले. "दिल्लीला जुन्या विमानांचं संग्रहालयच हाय."

इथंच दोघांनी निघायला पाहिजे होतं. पण विद्यापीठाच्या नामांतरावरून पेटलेल्या त्या दिवसांत स्टेशनापर्यंतची एसटी कधी बंद पडेल याचा नेम नसे, म्हणून भाड्याची मॅटाडोर ठरली. गाडी ठरली म्हटल्यावर झरीचे मामा-मामी आले, चुलते-चुलती आले, त्यांची पोरं आली. "एवढं लांब जायलोच तर देवदर्शन बी उरकू," असं मामांनी परस्पर ठरवून टाकलं. मी तेव्हा जिंतूरला शाळेत शिकवत होते. मोजकी रजा टाकून आले होते आणि वाटेतल्या प्रत्येक देवळाला माझा जीव वरखाली होत होता.

देवळाबाहेर सगळ्यांच्या चपला आई राखायची. सगळे आले की ती एकटी आत जाऊन घाईनं हात जोडून यायची. एका देवळात मीच तिला हट्टानं सगळ्यांबरोबर नेलं, आणि नेमके त्याच दिवशी मामांचे नवे बूट गेले. पुढचा सगळा रस्ता मामा बुटांवर बोलत होते.

संग्रहालयाशी पोचलो तेव्हा बंद व्हायला तासभर होता. दारातली फरशी चकचकीत होती. मामांनी तिथंच पायातलं काढलं. पहारेकरी हिंदीत सांगत होता, घालूनच जा म्हणून. मामा ऐकतात कसले! "शिपायांची जागा हाय. चपला घालून कसं जावं?" त्यांच्यामागं सगळ्यांनी काढल्या. मग राखायला कुणीतरी हवंच. कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. आई बसली. मीही माझ्या चपला तिच्यापुढे ठेवल्या आणि आत गेले. ह्याचा राग मला अजून येतो, आणि तो दुसऱ्या कुणावर काढता येत नाही.

आत अण्णांना त्यांचं विमान सापडलं. दोरीच्या अलीकडे उभं राहून ते एकेक भाग दाखवू लागले. इथं माझा हात भाजला, इथं तेल गळायचं. बोलता बोलता रडले. अण्णांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी ऐकतच राहिले. आईची आठवण झाली तेव्हा बंद व्हायची शिट्टी वाजत होती.

मी अनवाणी बाहेर पळाले. "ऊठ, लवकर चल."

"सगळे येऊ दे की," ती म्हणाली. तेवढ्यात सगळे आलेच, आणि त्यांच्यामागं दार लागलं. पहारेकरी भला होता. उद्या सकाळी या, म्हणाला.

मी मामांना म्हटलं, उद्या थांबू. "उद्या मथुरा हाय ना गं," मामा म्हणाले. मी अण्णांकडे वळले, तर ते पुढच्या सीटवर बसून ड्रायव्हरला इंजिन समजावून सांगत होते. मी आवाज चढवला. आईनं माझा दंड धरला. "गप. सगळे बघायलेत."

मी मथुरेपर्यंत कुणाशी बोलले नाही. त्यानं कुणाचं काही अडलं नाही.

पेडगावला परतल्यावर ओसरीवर माणसं जमली. अण्णा रंगात आले होते. "हिला पार चाकापाशी नेऊन उभं केलं. माझा हात भाजलेली जागा दाखवली. डोळ्याला पदर लावला हिनं."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. ते थाप मारत नव्हते. त्यांना तसंच आठवत होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात शेजारच्या काकांनी आईलाच विचारलं, "कसं होतं वो वैनी?"

"लय मोठं होतं," आई म्हणाली, आणि चहाच्या बशा गोळा करू लागली.