टेकरीवर वाचलेली वही

मुलगी गेल्यानंतर दोन वर्षं मी देवाचं नाव घेतलं नाही. त्याला राग म्हणावं, तर रागालाही अंगात जोर लागतो. मी फक्त देवघराचं दार लोटून घेतलं होतं. मी मूळची देवासची, पण लग्नानंतर सारा जन्म कॅनडात गेला. यजमान आधीच गेले होते. परदेशातल्या खेड्यांत मुलींना लिहायला-वाचायला शिकवण्यासाठी कॅनडातल्या एका संस्थेला स्वयंसेवक हवे होते. मी नाव दिलं. सेवाभावाने नव्हे, रिकामं घर सोसवेना म्हणून. संस्थेने पाठवलं ते नेमकं देवासजवळच्या धार जिल्ह्यात, तिरल्याच्या पुढच्या एका गावात. माझ्याच मुलखात मी परदेशी पाहुणी म्हणून उतरले.

तिथे मी काही केल्या रुजेना. मुली भिली बोलत, माझी हिंदी गंजलेली. संस्थेच्या केंद्रातल्या गावच्या शिक्षिकेशी हसणाऱ्या मुली माझ्यासमोर गप्प होत. सोयाबीनची कापणी लागली आणि विसांतल्या सहाच येऊ लागल्या. त्यातली एखादी पाटीवर मान वाकवून बसली, की मला माझी मुलगी दिसे आणि पाणी प्यायचं निमित्त करून मी बाहेर जाई. सहाव्या आठवड्यात, मी परत येते, असं संस्थेला पत्र लिहून ठेवलं आणि निरोप घ्यायला देवासला भावाकडे आले.

वहिनी म्हणाली, वन्सं, आल्याच आहात तर टेकरीवर माताजींचं दर्शन घ्या. तिचं मन मोडवेना म्हणून निघाले. नवरात्राला आठ दिवस होते. अर्ध्या पायऱ्या चढल्यावर पाय उचलेना. दमले होते हे खरं, पण वर जाऊन देवीला सांगायचं काय, हेच कळेना. तिथेच कठड्याला टेकून बसले.

तेवढ्यात वरून एक बाई उतरत आली. पंचेचाळिशीची असेल, हातात जुनी वही. साडीच्या नेसणीवरून मी मराठी वाटले असेन, कारण ती थांबली आणि तिने विचारलं, "ताई, तुम्ही मराठी ना? एवढं वाचून द्याल? आईची लिखावट आहे. आमची पढाई सगळी हिंदीत झाली, मला हे जमत नाही. वर पुजारीजींनाही नाही समजलं."

तिची आई श्रावणात गेली होती. शिंपीकाम करणारं घर, देवीचा कुलाचार आजवर आईच सांभाळत आलेली. यंदा तो करायचा की नाही, हे तिला कोणी सांगेना. मी वही घेतली. पेन्सिलीची पुसट अक्षरं, जुनी मराठी. घटाची माती, माळेची फुलं, नैवेद्य, सगळं मी मोठ्याने वाचत गेले. शेवटच्या पानावर लिहिलं होतं:

"घरांत दुःख असेल त्या वर्षीं पुरण करूं नये. साधा भात ठेवावा. दिवा मात्र बंद ठेवूं नये. देवीवर राग असेल, तर दिवा लावून तिच्यासमोर बसून बोलावा. ती ऐकून घेते."

मी त्या ओळींवरून बोट फिरवत राहिले. बाईने वही माझ्या हातातून काढली नाही. ती खालच्या पायरीवर बसली आणि पदराने डोळे पुसत म्हणाली, "आई स्वतः तर मराठी लिहायला फार उशिरा शिकली. मला बोलली होती, तू पण शिकून घे. मी टाळत राहिले."

तेच पान मी तिला आणखी दोनदा वाचून दाखवलं, बोट ठेवून, अक्षर अक्षर. तिसऱ्यांदा तिने अडखळत स्वतः वाचलं. मग ती खाली गेली आणि मी वर गेले. देवीसमोर उभी राहून दोन वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलं. जे बोलले ते स्तोत्र नव्हतं. माझी मुलगी का नेलीस, एवढंच पुन्हा पुन्हा विचारलं. मग पायऱ्या उतरले.

पत्र मी पाठवलं नाही. तिरल्याकडे परतले. अजून मुलींना माझं बोलणं पुरतं कळत नाही आणि काही दिवस फार जड जातात. ती बाई त्याच घटकेला तीच वही घेऊन का उतरली, याचा शोध मी घेत नाही. तिचं नाव विचारायचंही राहून गेलं. मन शांत झालं की देवाच्या पायाशी जाता येतं, असं मी समजत होते. आता कळतं, तसंच्या तसं, फाटकं मन घेऊन जायचं असतं. ज्या देवीमाउलीने मला तसं येऊ दिलं, तिची मी ऋणी आहे.