गुरमाळा कोणाच्या हातात

माझ्या डोक्यावर घमेलं चालतं, हातात गुरमाळा चालत नाही, हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच कामावर कळलं. देवळीकडच्या कोणत्याही साइटवर जाऊन बघा, बाई माल वाहणारी रेजाच असते. गुरमाळा म्हणजे काँक्रीट घोटून गुळगुळीत करायची मुठीची लोखंडी पट्टी. ती मिस्त्रीची. बाईनं धरायची नाही. का? तर नाही. संपलं.

आमचे हे मिस्त्री. दोन वर्षांपूर्वी यांचा उजवा हात थरथरायला लागला, आणि काम सुटू नये म्हणून आम्ही एक सोंग काढलं. आजूबाजूला कोणी नसलं की गुरमाळा मी फिरवायची. कोणी आलं की तो यांच्या हातात आणि घमेलं माझ्या डोक्यावर. खरं सांगते, माझा हात यांच्यापेक्षा साफ निघाला. काँक्रीटवर पाणी दिसतं तोवर लोखंड लावायचं नाही, अंगठा दाबून बघायचा, एवढंच तर आहे. पोळ्या करणारीला तवा कधी तापला हे काय सांगावं लागतं?

बोरगाव मेघेत एका रिटायर सरांचा व्हरांडा होता. थंडीचे दिवस, पाणी लवकर आटेना. सकाळी आधी टाकलेला कोपरा तेवढा तयार झाला, तो मी घोटून घेतला. तेवढ्यात सर खुर्ची घेऊन आले आणि उन्हात बसलेच.

"काऊन थांबले मिस्त्री? होऊ द्या ना. आज तुमचा हात पाहतो."

यांनी गुरमाळा उचलला. मी हळूच म्हटलं, "ऐका ना, पाणी हाय अजून वर."

"चूप बस! तू मले शिकवून राह्यली का?"

पाणी शोषावं म्हणून यांनी वरून कोरडं सिमेंट भुरभुरलं आणि घोटत सुटले. थरथरीच्या लाटा त्या लगद्याखाली दडून गेल्या. सर म्हणाले, वा! मी घमेलं धरून उभी. हिसकावून घ्यायला पाहिजे होता गं बाई तो गुरमाळा! पण चारचौघांत नवऱ्याचं मिस्त्रीपण कसं काढून घेऊ? यांची इज्जत राखली मी. आग लागो त्या इज्जतीला.

उन्हाळ्यापर्यंत व्हरांड्याचे पापुद्रे सुटले. सरांनी सगळीकडे सांगितलं. यांना कोणी बोलावेना. हे दिवसभर खाटेवर बसतात, उजवा हात मांडीखाली दाबून. माझ्याशी बोलत नाहीत. गुरमाळा खाटेखाली गंजतो आहे, त्याला हात लावायची मला हिंमत होत नाही.

मी दुसऱ्या मिस्त्रीकडे रेजा म्हणून लागले. आणि नशीब बघा, त्यानं मला त्याच व्हरांड्यावर नेलं, मलबा उचलायला. फोडता फोडता तो कोपऱ्याशी आला. घण उसळून परत आला. त्यानं वाकून हात फिरवला. आरशासारखा होता तो कोपरा, एक चीर नाही.

"अरे वा! एवढं पक्कं कोणं घोटलं वं?"

वाटलं, ओरडून सांगावं.

"माह्या मालकानं," मी म्हटलं.

त्यानं पुन्हा घण उचलला. कोपऱ्याचे तुकडे झाले, ते मी घमेल्यात भरले आणि घमेलं डोक्यावर घेतलं.