चिंचेने घासलेली रोमन नाणी

आमच्या ग्रीन कार्डाच्या कागदांवर ह्यांच्या बॉसची सही व्हायची होती. त्यामुळे तो नुसता शिंकला तरी पार्सिपनीतल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये त्यावर चर्चा होई. त्याला जुन्या रोमन नाण्यांचा नाद. त्यातली तीन काशाची नाणी त्याने ह्यांना कौतुकाने बघायला दिली होती, आणि शनिवारी तो जेवायला येऊन ती परत नेणार होता.

नेमकं शनिवारीच लक्ष्मीपूजन आलं. सासूबाई पहिल्यांदाच अमेरिकेत आल्या होत्या, म्हणून पूजेची मांडणी मी त्यांच्यावरच सोपवली. ग्रोसरी घेऊन आले तर तिन्ही नाणी चौरंगावर, हळदकुंकू लावून, नव्या पातेल्यासारखी लखलखत होती.

"किती कळकट झाली होती गं," सासूबाई म्हणाल्या. "चिंच-मीठ लावून घासली. ही बघ, कुत्री आहे की लांडगीण कोण जाणे, पण माणसाच्या दोन लेकरांना पाजतेय. आणि ही पंखवाली, हातात हार घेतलेली. त्यांची लक्ष्मीच असणार. तिला काय तशीच मळकी पूजेला ठेवायची?"

नाण्यांवरचा तो हिरवा थर म्हणजेच त्यांचं वय आणि किंमत, त्याला पाणीसुद्धा लावू नका, असं बॉसने बजावलं होतं. नाणी पाहताच हे म्हणाले, "संपलं. आता तो साइन करत नाही." त्या दिवशी माझी एकही पुरी धड फुगली नाही.

बॉस आला. त्याने पंखवाली देवी बोटांत धरून दिव्यापाशी नेली आणि उलटसुलट करून न्याहाळली. ह्यांना ते सोसवेना. घाईघाईने इंग्रजीत म्हणाले, "सॉरी. माझी आई खेड्यातली आहे, अडाणी आहे. तिला काही कळत नाही."

सासूबाई पाण्याचा ग्लास घेऊन समोरच उभ्या होत्या. तालुक्याच्या शाळेत त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं होतं, ह्यांनाही त्यांनीच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी विकणार कुठे होतो?" असं म्हणून बॉसने नाणी खिशात टाकली आणि जेवायला बसला. श्रीखंड दोनदा मागून घेतलं.

पुढच्याच आठवड्यात सही झाली. ते सांगायला हे धावत घरी आले, तेव्हा सासूबाई बेडवर बॅग उघडून बसल्या होत्या. मार्चपर्यंत राहायचं ठरलं होतं त्यांचं.

"झालं ना तुझं काम?" त्या म्हणाल्या. "मग माझं तिकीट तेवढं अलीकडचं कर."