धम्मदीपचं पन्नासावं वर्ष

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत १९७८ साली पहिलीत एकवीस पोरं दाखल झाली, आणि दाखलखारीज रजिस्टर खरं मानायचं तर ती एकवीसही एक जुलैला जन्मली. त्यात मी आहे. माझ्या खालच्याच ओळीत धम्मदीप भैयाजी ताकसांडे आहे. तेव्हा जन्माचा दाखला कोणी मागत नसे आणि मागितला असता तरी कोणाजवळ नव्हता. नाव घालायला आलेल्या पोराला गुरुजी डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावत. कान हाती लागला की पोरगं सहा वर्षांचं, नाही लागला तर पुढच्या साली ये. धम्मदीपचे हात लहानपणापासून लांब. त्यानं कान तर धरलाच, वर गालही खाजवून दाखवला.

मी आज त्याच शाळेचा मुख्याध्यापक आहे आणि ते रजिस्टर माझ्याच कपाटात असतं. कागदाच्या बाबतीत मी चोख माणूस आहे, असं तालुक्यात म्हणतात. मलाही त्याचा फार अभिमान होता.

धम्मदीप गोल्फचा खेळाडू झाला, हे आमच्याकडे अर्ध्या लोकांना शेवटपर्यंत खरं वाटलं नाही. तो स्पर्धा जिंकून आला की चौकात कोणीतरी हमखास विचारायचं, "किती रन काढले बे?" तो हसून सोडून द्यायचा. गोल्फमध्ये जितके फटके कमी तितका माणूस मोठा, हे समजावून सांगायची त्यानं एकदा माझ्यासमोर खटपट केली होती. ऐकणाऱ्यानं खर्रा थुंकून विचारलं, "मंग मारतेच कायले?"

गावापासून दोन कोसांवर लष्कराची वसाहत आहे. तिथं नऊ होलचं मैदान होतं. काळी जमीन, उन्हाळ्यात गवताचं नाव नाही. बॉल ज्या गोल तुकड्यावरून शेवटी होलात ढकलायचा, तिथं हिरवळीऐवजी तेल शिंपडून दाबलेली वाळू असायची. धम्मदीपचा बाप भैयाजी तिथं रोजानं झाडझूड करायचा. साहेबांच्या पिशव्या उचलायला, म्हणजे कॅडी म्हणून, पोरं लागत. पण पोरगं चौदा वर्षांचं पाहिजे असा नियम होता. आम्ही सातवीत असताना भैयाजी त्याला घेऊन गेटवर गेला. तिथल्या बाबूनं वय विचारलं, भैयाजीनं चौदा सांगितलं. बाबूनं बोटांवर हिशेब करून त्याच्या गेटपासावर लिहिलं, जन्म १९७०. रजिस्टरमध्ये आहे १९७२. एका शब्दात पोरगं दोन वर्षांनी मोठं झालं आणि त्याची शाळा सुटली.

पुढचे सगळे कागद त्या पासावरून बनले. बँकेचं पुस्तक, मतदारयादी, आधार. शाळेचा दाखला त्यानं कधी नेलाच नाही. कोणी वय विचारलं की तो पासावरचं सांगायचा, आणि सांगता सांगता तेच त्याचं वय झालं. यात लबाडी होती असं मला वाटत नाही. आमच्या पिढीला आपलं खरं वय ठाऊक असायचं कारणच काय होतं?

पिशव्या उचलता उचलता तो खेळायला शिकला. एका साहेबानं जाताना जुने क्लब दिले. तिशीच्या आत तो व्यावसायिक खेळाडू झाला आणि पुढं वीस वर्षं देशभर हिंडला. त्या वीस वर्षांचं फार सांगण्यासारखं नाही. तेलाच्या वाळूवर वाढलेला माणूस खऱ्या गवतावर आला की शेवटचा फटका नेमका हळू मारायचा. दोन दिवस खेळायचा, मागं पडलेल्यांना वगळलं की तिसऱ्या दिवशी यादीत नाव नाही. बॅग घेऊन वर्धेच्या स्टेशनवर उतरायचा आणि ऑटोनं वर्धेलगत बोरगाव मेघेला केलेल्या घरी जायचा. मी विचारायचो, "काय झालं?" तो म्हणायचा, "थोडकं राह्यलं." वीस वर्षं थोडकंच राहिलं.

मग पन्नाशी आली. पन्नास पूर्ण झालेल्यांची गोल्फमध्ये वेगळी मालिका असते, तिला सिनिअर सर्किट म्हणतात. तिथं आल्यावर याचं नशीब फळफळलं. तोवर जे मोठे खेळाडू होते त्यांच्या कमरा गेल्या होत्या, कोणाचे गुडघे गेले होते. धम्मदीपचे लांब हात मात्र तसेच फिरत होते आणि गवतही एवढ्या वर्षांत त्याच्या ओळखीचं झालं होतं. २०२१च्या नोव्हेंबरात त्यानं जयपूर जिंकलं. फेब्रुवारीत चंदीगड, एप्रिलात म्हैसूर, त्याच वर्षी सप्टेंबरात कोइंबतूर, आणि पुढच्या वर्षी अहमदाबाद. पाच चषक. पेपरात फोटो आला. शाळेत मी त्याचा सत्कार ठेवला आणि चाळीस मिनिटं भाषण ठोकलं. तो दोन वाक्यं बोलून खाली बसला. त्या दिवशी तो जसा खुलून दिसला तसा मी त्याला त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता.

आता माझ्या करणीकडे येतो.

गेल्या साली मे महिन्यात त्याची मुलगी रोशनी माझ्याकडे आली. तिला नागपूरला नर्सिंगला जायचं होतं, त्यासाठी जात पडताळणी हवी, आणि पडताळणीला बापाच्या शाळेचा दाखला. मी रजिस्टर काढून तिच्यासमोर सुंदर अक्षरात दाखला लिहून दिला. लिहिताना माझ्या लक्षात आलं की शाळेत बहात्तर आहे आणि आधारवर सत्तर. मी धम्मदीपला बोलावून घेतलं.

"अबे, पडताळणीवाले म्हणतीन हा बाप येगळा अन् थो येगळा. पोरीचं काम अटकून जाईन. आधार दुरुस्त करून टाक, सगळे कागद एक होऊन जातीन."

"काही लफडं तं नाई ना होनार?"

"दोन वर्सानं जवान होशीन, आखीन काय होते!"

तो हसला. मी स्वतः त्याच्यासोबत आधार केंद्रावर गेलो. जन्मतारीख एकदाच बदलून मिळते, नीट पाहून घ्या, असं तिथली बाई म्हणाली. मी नीट पाहून घेतलं. सर्किटचा विचार त्याच्या डोक्यात आला नाही आणि माझ्याही आला नाही. दोघांच्याही डोक्यात पोरगी होती.

ऑक्टोबरात त्यानं सर्किटची नव्या वर्षाची नोंदणी करताना नवं आधार जोडलं. पंधरा दिवसांनी तो सर्किटवाल्यांचं पत्र घेऊन शाळेत आला. इंग्रजी होतं, म्हणून मी वाचलं. नव्या तारखेप्रमाणे पन्नास वर्षं १ जुलै २०२२ला होतात. जयपूर, चंदीगड, म्हैसूर तुम्ही पन्नाशीच्या आधी खेळलात. खुलासा करा. खरी तारीख १९७० असेल, तर मुख्याध्यापकाचं पत्र आणि जन्मदात्या आईचा जबाब पाठवा.

खरं सांगतो, मला हायसं वाटलं. मुख्याध्यापक मीच होतो. मी तिथल्या तिथं पत्र लिहिलं, की १९७८च्या नोंदी कान धरायला लावून अंदाजानं केलेल्या आहेत, एकवीस मुलांची एकच तारीख आहे, सबब ती अचूक मानता येत नाही. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. आता म्हातारीचा जबाब आला की तीन चषकही वाचणार होते आणि पुढचं खेळणंही.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी सकाळी मी बोरगाव मेघेला गेलो. त्याची आई धुरपताबाई अंगणात उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. पंच्याऐंशीच्या घरातली बाई, पण कान शाबूत. मी जय भीम केला, जबाबाचा कागद काढला, शाईचं पॅडही उघडून ठेवलं.

"माय, धम्मदीप झाला तवा सत्तर साल होतं ना?"

"साल मले काय समजते बापा! तुमी म्हनान ते लिवा. मी आंगठा देऊन देईन."

मी पॅड पुढं सरकवलं. धम्मदीपनं ते बाजूला घेतलं.

"आंगठा मंग, माय. पयले सांग, मी झालो तवा काय चालू होतं?"

मी त्याच्या पायावर पाय दिला. त्यानं पाय काढून घेतला.

"दुस्काळ चालू होता," म्हातारी म्हणाली. "त्या साली पानीच आलं नाई. मी अन् तुहा बाप सडकेवर खडी फोडाले जावो. तू पोटात. मी घमेलं उचललं का मुकादम वरडे, बाई तू बस म्हने. दिवाळी झाली अन् आठ दिवसानं तू झाला. बाळंतपनाले घरात गूळ नव्हता. मुकादमाच्या बायकोनं आनून देला."

"पक्कं आठवते तुले?"

"गूळ कोनं देला थे इसरन का मी?"

तिनं पुढची शेंग घेतली. बहात्तरचा दुष्काळ आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दिवाळीनंतर म्हणजे नोव्हेंबर. मी मनात मोजलं. त्याचे पन्नास नोव्हेंबर २०२२ला होत होते. गुरुजींनीही त्याला चार महिन्यांनी मोठा धरला होता, या लांब हातांमुळे. म्हणजे ज्याच्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नव्हतं, ते सप्टेंबरातलं कोइंबतूरही पन्नाशीच्या आतलंच होतं.

मी त्याला फाटकाबाहेर ओढून नेलं.

"हे पाय, म्हातारी आंगठा द्याले तयार हाय. माहं पत्र तयार हाय. कोनाले काय मालूम पडते?"

"धक्क्यानं बॉल हालला तं मैदानात मीच सांगून एक फटका वाढवून घेतो ना, अच्युत. कोनी पाह्यलं नसलं तरी."

"थे मैदान होतं!"

"हे बी त्याच मैदानाचं हाय." मग म्हणाला, "कोइंबतूर बी गेलं गड्या."

माझं टाळकं फिरलं. "कोइंबतूरचं कोनं इचारलं तुले? काऊन आपल्याच पायावर धोंडा पाडून घेऊन राह्यला? वीस वर्सं मर मर मेला, चार दिवस चांगले आले..." मी रस्त्यात उभा राहून रडलो. पन्नाशी उलटलेला मुख्याध्यापक, समोरून पालक स्कूटरवर चाललेले. तोच मला आत घेऊन आला.

खुलासा त्यानं सांगितला आणि मी लिहिला. आईच्या सांगण्याप्रमाणे माझा जन्म नोव्हेंबर १९७२चा आहे. तुम्ही विचारलेल्या तीन स्पर्धांशिवाय कोइंबतूरही मी वयाआधी खेळलो. मला हे आज कळलं. त्यानं सही केली. माझं पत्र मी फाडून टाकलं.

जानेवारीत उत्तर आलं. पाचही विजेतेपदं रद्द, चार वयामुळे आणि पाचवं चुकीच्या कागदावर नोंदणी केल्यामुळे. खेळायला कायमची बंदी. मला वेडी आशा होती की एवढं खरं बोलणाऱ्याला ते सांभाळून घेतील. त्याला ती नव्हती. नियमानं त्यांचं बरोबरच होतं, आणि त्यामुळेच मला कोणावर धड चिडताही येत नाही. ज्या पेपरात फोटो आला होता त्यातच बातमी आली, वय वाढवून चषक लाटले. चौकातल्या लोकांना गोल्फ कळत नव्हतं, पण हे बरोबर कळलं.

चषक आम्ही दोघांनी खोक्यात भरले. त्यानं प्रत्येक पुसून, जुन्या लुगड्यात गुंडाळून दिला, पत्ता मी लिहिला. रोशनीची पडताळणी झाली, ती नागपूरला शिकते आहे. बापाला फोन करते तेव्हा जेवणाचं विचारते, झोपेचं विचारते, खेळाचं विचारत नाही. मी दर रविवारी जातो. तो माझ्याशी पूर्वीसारखाच वागतो. एकदा तरी त्यानं मला शिव्या घालाव्यात म्हणून मी ताटकळलो आहे, पण तो घालत नाही. सुधारण्यासारखं यात काही उरलेलं नाही. आधारवरची तारीख बदलायची संधी संपली, खेळायचं वय संपलं, आणि खरं काय ते सांगून झालं.

धुरपताबाईला मात्र कोणी काही सांगितलेलं नाही. तसा त्याचा हुकूमच आहे. तिनं त्या दिवशी गुळाची गोष्ट सांगितली आणि त्यापायी पोराचं काय झालं, हे तिला कळता कामा नये. त्यामुळे ती रोज विचारते, "काऊन रे, आज बी खेळाले नाई गेला?" आणि तो म्हणतो, "कंबर धरली माय."

गेल्या रविवारी मी गेलो तेव्हा तो अंगणातल्या खाटेवर पालथा पडला होता आणि ती थरथरत्या हातांनी त्याच्या धडधाकट कमरेला तेल चोळत होती. मला पाहून म्हणाली, "दोन मयने झाले बापा, काही उतार नाई. माह्या हातात आता जोर नाई राह्यला म्हून." आणि आणखी जोर लावून चोळायला लागली.