केरू गुरवाचा नारळ

खेडच्या वर, जगबुडीच्या खोऱ्यात आमच्या वाघजाईची राई आहे. तिथली वाळकी काटकीसुद्धा कोणी घरी नेत नाही. केरू गुरव देवीचा पुजारी. बोलणं नाकातून, हात कायम कपाळाला.

लोकांनी त्याला पिडलं होतं, हेही खरं. देवीच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या कळ्या लावायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. हा कौल लोक कशालाही मागत. "म्हशीला रेडी व्हईल का?" "जावय शिमग्याला येल का?" आणि मनासारखं पडलं नाही की, "केरूबा, वारा व्हता. परत लाव!"

केरू तडकायचा. "वारा तुज्या डोस्क्यात! देवी काय बाजारात बसल्येय, घासाघीस कराया? एकदा इचारला, झाला!"

सत्तावीस सालच्या हिवाळ्यात एका कंपनीचे पुणेरी साहेब आले. खोऱ्याच्या तोंडाशी धरण बांधून वीज काढायची, तर पाणी कुठवर चढेल ते मोजायला.

"आनि राई?" केरूने विचारलं.

"बुडेल हो," साहेब अगदी गोड. "पण ते पुढचं पुढे. आत्ता मला दुर्बिणीतून पलीकडचं दिसायला हवं. राईतली दहाबारा झाडं काढली की झालं. एवढंसं काम!" आणि बोटाच्या पेरावर 'एवढंसं' दाखवायचे.

साहेबांची मोजायची साखळी धरायला गावच, त्यांना जेवू घालायला गावच. केरूचं डोकं फिरलं. "बुडवनाऱ्याला वाढा अजून भात! लोनचा दिलात का?"

सगळ्यांत पुढे महिपत, मुंबईच्या गिरणीतून रजेवर आलेला. "केरूबा, मुंबैत बटन दाबला का भक्कन उजेड!" 'भक्कन' म्हणताना आधी गाल फुगवायचा, मग सोडायचा.

"आनि इथं बटन दाबला का भक्कन देवी पान्यात!"

शेवटी गाव म्हणालं, झाडं काढायची का, कौल लावा. केरूला बरंच वाटलं. आपलंच घर मोडायला देवी हो कशी म्हणेल? त्याने कळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं.

उजवी पडली.

महिपतने कुऱ्हाड उचलली. केरू पाषाणाकडे बघतच राहिला. "बाय, तुलापन बटन हवा काय गं?" मग त्याने कळ्या परत लावल्या.

"केरूबा, एकदाच इचारायचा ना?" महिपत म्हणाला.

"गप ऱ्हा! वारा व्हता."

परत उजवीच.

आता राईत कुऱ्हाड लावायची तर पहिल्या झाडापुढे गुरवाने नारळ फोडायचा, ही रीत. त्याशिवाय महिपतचासुद्धा हात धजेना. त्याने नारळ केरूच्या हातात दिला. केरूने तो काखेत मारला आणि घराची वाट धरली.

"अहो गुरव, कौल तर मिळाला ना?" साहेब मागून ओरडले.

"देवीनं दिला. तिचा ती बघंल. नारल मी फोडनार नाय!"

घरी पोचताच बायकोला, यमुनाबाईला म्हणाला, "ह्यो फोड. वाटून कालवनात घाल."

"देवीचा नारल?"

"मग काय साहेबाच्या डोस्क्यात घालू?"

साहेब चिडले नाहीत. दुर्बीण उचलून नदीपलीकडे गेले. तिथलं रान सरकारी. तिथे ना देव, ना कौल. मजूर मात्र आमच्याच गावचे. संध्याकाळपर्यंत डोंगराच्या डोक्यावर भांग पाडावा तशी उघडी पट्टी पडली आणि साहेबांना हवं ते सगळं दिसलं.

राईतलं एकही झाड पडलं नाही. गाव केरूच्या अंगणात जमलं. "जितलास रं केरूबा!" महिपतही म्हणाला.

केरू पलीकडे बघत होता. साहेबांनी पाण्याच्या खुणेची खुंटी ठोकली होती, ती राईच्या शेंड्यांहूनही वर.

"जितलो? अरं, त्ये पानी काय गुरवाच्या नारलासाठी थांबून ऱ्हानार हाय?"